रोइंगच्या रेगाटेत उन्हाळी इंटर्नशिप करताना

मराठी वाचकाला रोइंग ओळखीचं झालं ते मुख्यतः दत्तू भोकनळमुळे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा जवान लष्करात गेल्यावर वल्ही मारायला शिकला, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला, आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत क्वाड्रुपल स्कल्सचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या चौघांमध्येही तो होता. टीव्हीवर आपण पाहतो ती शर्यत सहा-सात मिनिटांची असते. पण ती ठरल्या मिनिटाला सुटावी म्हणून काठावर दीडशे माणसं पहाटेपासून राबत असतात. उन्हाळी इंटर्न या माणसांमधला एक.

अमेरिकेत जून ते ऑगस्ट हा रेगाटांचा, म्हणजे होड्यांच्या शर्यतींच्या स्पर्धांचा, भर हंगाम. स्पोर्ट मॅनेजमेंट, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग किंवा हॉस्पिटॅलिटी शिकायला तिथे गेलेल्या मुलामुलींना ही इंटर्नशिप मिळू शकते. यूएसरोइंग ही तिथली राष्ट्रीय संघटना. फ्लोरिडातल्या सॅरासोटाचं नेथन बेंडरसन पार्क, न्यू जर्सीतली कूपर नदी, टेनेसीतल्या ओक रिजचं मेल्टन हिल तळं, ओहायोतलं हार्शा तळं ही स्पर्धांची नेहमीची ठिकाणं. सॅरासोटात 2017 ची जागतिक स्पर्धा झाली होती. कॅनडातल्या सेंट कॅथरिन्सला मार्टिनडेल पाँडवर ऑगस्टमध्ये रॉयल कॅनेडियन हेन्ली भरते, तिथलंही काम याच जातीचं.

अर्ज आणि परवानगी

जाहिराती साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. त्या राष्ट्रीय संघटनेच्याच असतात असं नाही. कोर्स, म्हणजे शर्यतीची पाण्यावरची पट्टी, ज्यांच्या ताब्यात आहे ती पार्कं, स्थानिक आयोजन समित्या आणि मोठे क्लबही माणसं घेतात. अर्जात 'टीमवर्कची आवड' लिहून कुणाचं लक्ष जात नाही. उघड्यावर, उन्हात, गर्दीत काय सांभाळलंत ते आकड्यांत लिहा. गणेशोत्सवात विसर्जनाच्या दिवशी मंडळाच्या स्वयंसेवकांच्या पाळ्या लावल्या असतील तर किती माणसं होती, किती तासांच्या पाळ्या होत्या, ऐन वेळी काय बिघडलं आणि काय तोड काढली, हे चार ओळींत सांगा. मॅरेथॉनचं पाण्याचं स्टेशन सांभाळणं हाही चांगला अनुभव आहे. पुण्यात शिकत असाल तर सीओईपीच्या बोट क्लबची रेगाटा मुळा नदीवर विद्यार्थीच उभी करतात. तिथे एक हंगाम धक्क्यावर काम केलेलं असलं तर मुलाखतीत बोलायला खरोखर काहीतरी असेल. पोहता येतं का, गाडी चालवण्याचा तिथला परवाना आहे का, वीस-बावीस किलो उचलता येतात का, हे प्रश्न बहुधा येतातच. खरी उत्तरं द्या, कारण पहिल्याच दिवशी तिन्ही गोष्टी कराव्या लागतात.

एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर सीपीटीची, म्हणजे शिकत असतानाच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी हातात पडेपर्यंत एक दिवसही काम सुरू करू नका. सीपीटीसाठी सहसा एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं असावं लागतं, आणि इंटर्नशिप अभ्यासक्रमाशी जोडलेली असावी लागते. ऑफर लेटरमध्ये कामाचं स्वरूप, पत्ता, आठवड्याचे तास आणि सुरुवातीची-शेवटची तारीख हवी. रेगाटेचा इंटर्न एका जागी बसत नाही, दर दोन आठवड्यांनी दुसऱ्या राज्यात जातो, म्हणून सगळी ठिकाणं विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आधीच लेखी कळवा. बिनपगारी काम असलं म्हणजे परवानगी लागत नाही असं स्वतःच ठरवून मोकळे होऊ नका, तेही विचारून घ्या. बारा महिने किंवा जास्त पूर्णवेळ सीपीटी वापरली तर त्या पातळीवरच्या पदवीची ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याची मुभा, हातची जाते. एका उन्हाळ्याने तसं होत नाही, पण आधी सीपीटी वापरली असेल तर महिने मोजून बघा.

आधी होड्या पाठ करा

पहिल्या आठवड्यात नियमावलीआधी होड्यांची मापं पाठ करा, कारण पार्किंगपासून पदकांपर्यंत सगळं गणित त्यांच्यावर बसतं. एकट्याची सिंगल साधारण 8 मीटर लांब. दोघांची डबल किंवा पेअर 10 मीटर, चौघांच्या होड्या 13 मीटरच्या आसपास, आणि आठ जणांची एट 17-18 मीटर. प्रत्येक हातात एकेक वल्हं म्हणजे स्कलिंग, दोन्ही हातांत मिळून एकच वल्हं म्हणजे स्वीप. कागदावर स्कलिंगला 'एक्स' लावतात: 1एक्स, 2एक्स, 4एक्स. स्वीपमध्ये अधिकचं चिन्ह असेल तर सुकाणू धरणारा कॉक्स आहे, उणे असेल तर नाही. म्हणजे 4+ मध्ये पाच माणसं, 4- मध्ये चार, 8+ मध्ये नऊ. आंतरराष्ट्रीय नियमांत होडीचं किमान वजनही ठरलेलं आहे: सिंगल 14 किलो, एट 96 किलो. वजनाचा काटा असलेल्या रेगाटेत तो सपाट जागी ठेवणं आणि त्यावर वारा येऊ न देणं हे काम इंटर्नकडेच येतं. एवढ्या हलक्या, लांबट होडीला वाऱ्याची झुळूक लागली तरी काट्याचा आकडा नाचतो.

कोर्स 2000 मीटरचा. मास्टर्स, म्हणजे मोठ्या वयाचे खेळाडू, 1000 मीटर जातात. सहा लेन, प्रत्येक 13.5 मीटर रुंद. लेनच्या कडेने पाण्याखाली तारा ताणून त्यांना ठरावीक अंतरावर छोटे बोया बांधतात. याला अल्बानो पद्धत म्हणतात. 1960 च्या रोम ऑलिंपिकच्या रोइंग शर्यती अल्बानो तळ्यावर झाल्या, तिथलं हे नाव. सहा लेनना सात तारा लागतात. दर 10 मीटरला एक बोया धरला तर एका तारेवर 200, सगळे मिळून 1400. सुरुवातीच्या 100 आणि शेवटच्या 250 मीटरचे बोया वेगळ्या रंगाचे. रोज पहाटे लाँचमधून, म्हणजे मोटरबोटीतून, एक फेरी मारून निसटलेले बोया मोजायचे आणि लावायचे. दोन्ही रंगांचे 25-25 बोया, गाठीला लागणारी दोरी आणि कात्री लाँचमध्येच ठेवा. धरणाच्या पाण्यावरचा कोर्स असेल तर रात्रीत पाणी चढतं-उतरतं. पाणी उतरलं की तारा सैल पडून लेन वाऱ्याच्या बाजूला झुकतात आणि तरत्या धक्क्याचा उतार वाढतो. म्हणून काठावर एक खुंटी ठोकून तिच्यावर रोज संध्याकाळी आणि पहाटे पाण्याची खूण करा.

धक्का

रेगाटेचं वेळापत्रक कोलमडतं ते जवळजवळ नेहमी धक्क्यावर. पाण्यावरची शर्यत सहसा सात-आठ मिनिटांच्या पुढे लांबत नाही, धक्क्यावरच्या होडीचा मात्र काही भरवसा नसतो. म्हणून या भागाकडे बाकी सगळ्यापेक्षा जास्त लक्ष द्या.

एटची शर्यत दर 10 मिनिटांनी आहे असं धरा. सहा लेन, म्हणजे 10 मिनिटांत सहा होड्या पाण्यात गेल्या पाहिजेत. होडी पाण्यावर ठेवणं, वल्ही कड्यांत अडकवणं, बसणं, पाय बांधणं आणि ढकलून निघणं यात सराईत क्रू दोन-तीन मिनिटं घेतो, शाळकरी क्रू पाच. सरासरी चार धरली तर सहा होड्यांची 24 मिनिटं झाली. ती 10 मिनिटांत बसवायला तीन होड्या एका वेळी लागतील एवढी जागा हवी. एका एटला 20 मीटर, म्हणजे 60 मीटर धक्का. परतीला याहून जास्त लागतो, कारण दमलेला माणूस सावकाश उठतो, कॉक्स रडत असतो, पालक फोटो काढत असतात. सहा मिनिटं धरली तर 36 होतात, म्हणजे चार जागा. नवखा आयोजक नेहमी जायचा धक्का मोठा आणि परतीचा लहान ठेवतो. मग साडेनऊच्या सुमाराला परतीच्या होड्यांची पाण्यावर रांग लागते आणि त्या सरावाच्या वाटेत येतात. जागा मोजा, आणि उलटं केलेलं दिसलं तर आदल्या दिवशीच वरिष्ठांना आकडे दाखवा.

2000 मीटरच्या कोर्सवर क्रू शर्यतीच्या साधारण 40 मिनिटं आधी पाण्यात जातो. स्टार्टपर्यंत पोचायला पंधरा मिनिटं, मग अंग गरम करायचं, आणि शर्यतीच्या दोन मिनिटं आधी होडी स्टार्टला लागलेली असली पाहिजे. ती नसेल तर ताकीद मिळते. नऊच्या शर्यतीसाठी 8:20 ला होडी धक्का सोडायला हवी, 8:10 ला तपासणीत हवी. तपासणीत पंच दोन गोष्टी हमखास बघतात. एक, होडीच्या पुढच्या टोकाला रबराचा पांढरा गोळा आहे ना, म्हणजे टक्कर झाली तर टोक माणसाच्या बरगडीत शिरणार नाही. दुसरी, होडीत बसवलेल्या बुटाच्या टाचेची दोरी. होडी उलटली तर पाय आपोआप निघावा म्हणून टाच सुमारे 7 सेंटीमीटरपेक्षा जास्त उचलली जाता कामा नये. ही दोरी तुटलेली किंवा लांब असते हे धक्क्यावरचं रोजचं दुखणं. तुमच्या कमरेच्या पिशवीत तीन-चार मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी, कात्री आणि लायटर असू द्या. तुकडा कापा, टोकं वितळवा, पंचासमोर बांधा, टाच वर ओढून दाखवा. नव्वद सेकंदांचं काम आहे. दोरी नसली तर तोच क्रू ट्रेलरपर्यंत पळत जाऊन दहा मिनिटांनी येतो आणि मागच्या पाच होड्या अडकतात.

पाने तीन मापांचे लागतात: अमेरिकी बनावटीच्या होड्यांना 7/16 इंच, युरोपीय होड्यांना 10 आणि 13 मिलिमीटर. प्रत्येकी तीन ठेवा आणि रंगीत फीत गुंडाळून ठेवा, कारण दिलेला पाना परत येत नाही.

धक्क्यावर उभं राहून ओरडू नका. होडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाशी एकेक स्वयंसेवक ठेवा. त्यांनी रिगरच्या, म्हणजे वल्ह्याचं कडं पेलणाऱ्या बाहेरच्या सांगाड्याच्या, बाजूने न धरता होडीच्या अंगाला हात लावून ती धक्क्यापासून चार बोटं दूर राखायची. धक्क्याच्या फळीतून वर आलेला एक स्क्रू एटच्या कार्बनच्या अंगाला हातभर चीर पाडू शकतो. पहाटे अनवाणी नव्हे, बूट घालूनच, पण हात फिरवत सगळ्या कडा तपासा.

नंबर, कागद, ट्रेलर

होडीच्या पुढच्या टोकाला खाचेत बसणारा प्लास्टिकचा नंबर लागतो. 6 आणि 9 च्या खाली रेघ हवीच. काही जुन्या होड्यांना खाचच नसते, तिथे काळी इलेक्ट्रिक टेप. चिकटणारे नंबर असतील तर आधी कोरड्या फडक्याने होडी पुसा, दवाने ओल्या झालेल्या होडीवर ते पाचशे मीटरपर्यंतही टिकत नाहीत. नंबर गळला की फिनिशचा पंच होडी ओळखतो ती वल्ह्याच्या पात्याच्या रंगावरून, आणि एकाच क्लबच्या दोन होड्या असतील तर तेही जमत नाही.

शर्यतींची यादी बदलत राहते. कुणी आजारी पडतो, क्रू माघार घेतो, सहाच्या जागी चार होड्या उरतात आणि दोन प्राथमिक फेऱ्यांची एक होते. प्रत्येक छापील पानाच्या कोपऱ्यात आवृत्ती आणि वेळ टाका, 'आवृत्ती 4, शुक्रवार 18:40' अशी, आणि नवी यादी लावताना जुनी स्वतःच्या हाताने काढून आणा. कारण स्टार्टला तिसरी आवृत्ती आणि फिनिशला चौथी असली की निकालपत्रक चुकीचं निघतं, आणि तो घोळ सापडायला दोन तास जातात. यादी कुठे कुठे लागली आहे याची यादी ठेवा. साधारण अकरा-बारा जागा होतात: तपासणी, दोन्ही धक्के, स्टार्ट, लाँच, फिनिश, निवेदक, पदकं, वैद्यकीय तंबू, माहिती केंद्र, पंचांची खोली.

ट्रेलर आदल्या दिवशी येतात. फाटकापासून लांब लागणारे आधी आत, जवळ लागणारे शेवटी, एकच दिशा. ट्रेलरच्या मागे होडीचं टोक दोन-तीन मीटर बाहेर आलेलं असतं आणि वळताना ते उलट्या बाजूला झाडू मारल्यासारखं फिरतं. वळणावर माणूस ठेवा आणि त्याला चाकांकडे न बघता टोकाकडे बघायला सांगा. ट्रेलरच्या रुंदीएवढीच जागा आखली तर होड्या उतरवून घोड्यांवर, म्हणजे होडी ठेवायच्या स्टँडवर, ठेवून जोडायला जागा उरत नाही, मग क्रू रस्त्यातच घोड्या मांडतात. दोन ट्रेलरांच्या मध्यांत नऊ-दहा मीटर ठेवा. पाऊस होऊन गेला असेल तर प्लायवुडचे तुकडे तयार ठेवा, चाक रुतल्यावर शोधायला जाऊ नका.

स्टार्ट

स्टार्ट सगळ्यांपासून दोन किलोमीटर लांब असतो, आणि म्हणूनच तिथली माणसं सगळ्यांत आधी विसरली जातात. तरत्या फळीवर सहा स्वयंसेवक पालथे पडून, हात पाण्यावर काढून, एकेका होडीचं मागचं टोक धरून ठेवतात. बाजूला बसलेला अलायनर सांगतो: 'लेन दोन, एक फूट पुढे, लेन पाच, थोडं मागे.' पडल्या पडल्या त्यांनी होडी बोटाबोटाने सरकवायची. सहाही होड्यांची पुढची टोकं एका रेषेत आली की पांढरा झेंडा, मग स्टार्टरची हाक, लाल दिवा, हिरवा दिवा. लाल लागल्यावर आणि हिरव्याच्या आधी ज्याचं टोक रेषा ओलांडेल त्याचा फॉल्स स्टार्ट. धरणाऱ्याने होडी ढकलायची नसते आणि पकडूनही ठेवायची नसते, फक्त सोडायची. नवख्याची मूठ घाबरून आवळली जाते आणि त्या होडीची सुरुवात अर्ध्या सेकंदाने मागे पडते. पहिल्या शर्यतीच्या आधी रिकाम्या होडीवर तीनदा सराव करून घ्या: दोन बोटं आणि अंगठा, मूठ नाही.

या माणसांना दीड तासाने बदला. सहा जागांसाठी आठ जण न्या. खाली टाकायला योगा मॅट, मानेवर ओलं फडकं, सनस्क्रीन, पाणी, आणि तिथेच एक फिरतं शौचालय. शौचालय फिनिशजवळ असेल तर एक माणूस चाळीस मिनिटांसाठी गेला असं समजा.

आणखी एक. रेषा टोकांची असते आणि होड्यांची लांबी वेगळी, म्हणून सिंगलनंतर एटची शर्यत आली तर धरायच्या फळ्या सुमारे दहा मीटर मागे न्याव्या लागतात. त्याला पाच ते दहा मिनिटं जातात. म्हणूनच चांगलं वेळापत्रक सारख्या लांबीच्या शर्यती एकापाठोपाठ ठेवतं. वेळापत्रक तयार होत असताना तुम्ही खोलीत असलात तर एवढी एक गोष्ट तपासा.

पहाट

सकाळी वारा कमी असतो, म्हणून पहिली शर्यत साडेसात किंवा त्याही आधी असते. तुम्ही साडेचारला पोचा. आधी दिवे आणि फाटक, मग वॉकी-टॉकी. प्रत्येक सेटला नंबर असू द्या, सही घेऊन द्या, आणि जादा बॅटऱ्या फिनिशच्या टेबलाखाली चार्जिंगला लावा. पाचला बचाव लाँचचं इंधन, लाइफ जॅकेट, फेकायची दोरी आणि घाबरलेल्या नऊ जणांना पुरतील एवढे फॉइलचे ब्लँकेट. साडेपाचला स्वयंसेवक येतात. त्यांना चहा-कॉफी आधी, सूचना नंतर. पावणेसहाला सरावासाठी पाणी उघडतं. लाँच चालवणाऱ्यांना लाटांबद्दल रोज नव्याने सांगा: शर्यतीच्या बाजूने जोरात गेलेल्या लाँचची लाट मिनिटभराने लेन सहामध्ये पोचते आणि सिंगल उलटू शकते.

सगळ्या घड्याळांची वेळ एकाच फोनवरून लावा. अंदाजाने नको, सेकंदासकट.

वॉकी-टॉकीवर आधी ज्याला हाक मारता त्याचं नाव, मग तुमचं, मग काम. 'कंट्रोल, जायचा धक्का. शर्यत चौदा, लेन तीन अजून काठावर. रिगरचा बोल्ट तुटला. तीन मिनिटं.' बस. 'बहुतेक', 'मला वाटतं' यात वेळ घालवू नका. मिनिटं माहीत नसतील तर 'वेळ माहीत नाही, दोन मिनिटांनी कळवतो' असं सांगा आणि दोन मिनिटांनी खरंच कळवा. जखमी किंवा आजारी खेळाडूचं नाव हवेत कधीही घेऊ नका, फक्त शर्यत, लेन आणि जागा. तो सेट कुणाच्या आईच्या शेजारी वाजत असेल हे तुम्हाला माहीत नसतं.

वीज, वारा, ऊन

फ्लोरिडात जूनच्या दुपारी वीज जवळजवळ ठरलेली. नियम सोपा आहे: वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, म्हणजे ती साधारण 10 किलोमीटरवर आहे, तर सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं कुणी पाण्यात नाही. अवघड आहे ते होड्या बाहेर काढणं. क्रू 40 मिनिटं आधी पाण्यात जातात आणि शर्यत दर 10 मिनिटांनी, म्हणजे कुठल्याही क्षणी 24 एट पाण्यावर असतात, दोनशेहून जास्त माणसं. एकेका होडीला सहा मिनिटं धरली तर परतीच्या चार जागांवर त्या काढायला 36 मिनिटं लागतील. जायचा धक्काही परतीला उघडला तर सात जागांवर वीस-एकवीस मिनिटं. स्टार्टवरून परत यायला आणखी दहा. एवढ्या अर्ध्या तासात ताशी 45 किलोमीटरने सरकणारं वादळ बावीस किलोमीटर पुढे आलेलं असतं. म्हणून 10 किलोमीटरची वाट बघणं म्हणजे उशीरच. रडारवर वादळ 30-40 किलोमीटरवर दिसलं की नव्या होड्या सोडणं थांबवायचं. निर्णय मुख्य पंचाचा आणि सुरक्षा प्रमुखाचा असतो, पण त्या वेळी पाण्यावर किती होड्या आहेत हा आकडा तुमच्याकडे तयार हवा. धक्क्यावर एक फळा ठेवा: गेलेल्या होडीला रेघ, परतलेल्या होडीची रेघ खोडायची. आणि माणसांना तंबूत पाठवू नका, तंबूला धातूचे खांब असतात. पक्की इमारत, नाहीतर बंद गाडी किंवा बस.

आडवा वारा सुटला तर काठाच्या आडोशाची लेन वेगाने जाते आणि बाहेरच्या लेनमध्ये लाटा उठतात. पंच लेन बदलून देतात किंवा एकामागे एक होडी सोडून घड्याळावर निकाल लावतात. दोन्हींत वेगळे नंबर आणि नवी यादी लागते, म्हणून 1 ते 60 नंबरांचा एक पूर्ण संच बाजूला बांधून ठेवा.

10 बाय 10 फुटांच्या तंबूला प्रत्येक पायाला 18 किलो वजन बांधा. पाण्याच्या पाच लिटरच्या बाटल्यांनी भागत नाही.

उन्हाचं गणित: एका स्वयंसेवकाला तासाला अर्धा लिटर. 80 माणसं, सहा तास, म्हणजे 240 लिटर, आणि त्याहून वेगळा बर्फ. परतीच्या धक्क्याजवळ माणूस बसेल एवढा टब बर्फाच्या पाण्याने भरलेला असू द्या. उष्माघाताने बरळायला लागलेल्या खेळाडूला आधी त्या टबात थंड करायचं आणि मग रुग्णवाहिकेत. वैद्यकीय पथकाला हे माहीत असतं. टब भरलेला आहे ना, हे बघणं तुमच्याकडे असतं, कारण दहानंतर त्यातला बर्फ कुणीतरी कोल्ड्रिंकसाठी उचलून नेतं.

पदकं आणि आवराआवर

आदल्या रात्री पदकं शर्यतीच्या क्रमाने पिशव्यांत भरा. 8+ च्या पहिल्या तिघांना 27, 4+ ला 15, 4एक्स ला 12. चूक होते ती एकच: कॉक्सला मोजायचं राहतं, आणि सगळ्यांत लहान मूल व्यासपीठावर रिकाम्या गळ्याने उभं राहतं. प्रत्येक रंगाची पाच जादा ठेवा.

शेवटच्या शर्यतीनंतर सगळ्यांना घाई असते. तरीही क्रम सोडू नका: आधी वॉकी-टॉकी सहीने परत, मग नंबर, मग पाने, मग तंबू. ट्रेलर जवळचे आधी बाहेर. बोया त्याच संध्याकाळी धुवा, वाळलेलं शेवाळ दुसऱ्या दिवशी निघत नाही. दिवसभर खिशातल्या वहीत वेळेसकट लिहिलेल्या नोंदी त्याच रात्री टाइप करा, '9:42, परतीच्या धक्क्यावर 7 होड्या थांबलेल्या' अशा. पुढच्या वर्षीचा धक्का किती मीटरचा घ्यायचा हे त्यांच्यावरूनच ठरतं. निघण्याआधी नंबर पुन्हा मोजा. दोन-तीन कमी भरतातच. बहुधा ते रस्त्याला लागलेल्या ट्रेलरवरच्या होडीलाच लावलेले असतात, म्हणून मोजणी फाटक उघडण्याआधी करा.